लष्करी ट्रकला डिझेल इंजिन

प्रश्न : लिलावातला लष्कराचा जुना निसान एक-टनी ट्रक शेणखत वाहायला घेतलाय. पेट्रोल परवडत नाही. डिझेल इंजिन टाकलं तर गिअरबॉक्स टिकेल का? शिवाय फोर-व्हील लावलं की डांबरीवर लिव्हर अडकतो.

उत्तर : मूळ इंजिन सहा सिलिंडरचं, ३९५६ सीसीचं. डिझेलचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) त्याहून जास्त असेल तर गिअरबॉक्सही डिझेलचाच घ्या, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना ताकद वाटणारी पेटी) जुनीच ठेवा. जुना गिअरबॉक्स ठेवलात तर सगळं दुखणं अ‍ॅडॅप्टर प्लेटमध्ये, म्हणजे नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडणाऱ्या पट्टीत. फ्लायव्हीलवर डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) लावून बेल हाउसिंगचं, म्हणजे क्लचवरच्या कवचाचं, भोक मधोमध आहे का तपासा. एका फेऱ्यात काटा ०.२५ मिमीहून जास्त हलला, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग आवाज करतं, क्लचप्लेटच्या स्प्लाइन्स (शाफ्टवर बसणाऱ्या खाचा) झिजतात. डिझेलचे आरपीएम कमी, म्हणून वरचा वेग घटेल. शेतात त्याचं काय अडतंय?

लिव्हरमध्ये दोष नाही. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या दरम्यान डिफरन्शियल (दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसल्याने वळणावर ताण साठतो. चार-पाच फूट रिव्हर्स घ्या, सुटेल. फोर-व्हील फक्त चिखलात लावा, टायर सगळे एकाच मापाचे हवेत.

इंजिन बदलण्याआधी आरटीओची परवानगी घ्या, नंतर नव्हे.