‘टॅना’ कुठे शोधायचे? वाचकांचे प्रश्न

इंग्लंडमधले एक ओळखीचे कुटुंब डिसेंबरात येत आहे. त्यांचे खापरपणजोबा रेल्वेत होते आणि 1860च्या सुमारास ‘टॅना’ला वारले, एवढेच त्यांना ठाऊक आहे. त्यांना कुठे कुठे न्यावे? — चरई, ठाणे

‘टॅना’ म्हणजे आपले ठाणेच. पण आधी कुठेच नेऊ नका. इथे येण्यापूर्वी तिकडचे काम उरकायला सांगा. त्या काळी इथला पाद्री बाप्तिस्मा, लग्न, दफन अशा नोंदींच्या नकला मुंबईला पाठवी आणि तिथून त्या लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या खात्याच्या) दफ्तरात आहेत. मुंबई इलाख्याच्या मालिकेचा क्रमांक ‘एन/3’. फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या संकेतस्थळावर पैसे भरून त्या पाहता येतात, ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या फिबिस या संस्थेची सूची फुकट चाळता येते.

लोक अडतात ते स्पेलिंगपाशी. आपण आज ‘टी-एच-ए-एन-ई’ लिहितो. तेव्हाचा कारकून ‘टी-ए-एन-एन-ए’ लिही, कधी त्याला शेवटी ‘एच’ जोडी, पुढे ‘टी-एच-ए-एन-ए’. तिन्ही टाकून पाहा. तरी नाव निघाले नाही तर गाव सोडून द्या आणि नुसते आडनाव व मागची-पुढची पाच वर्षे घ्या. पाद्री फिरतीवर असे, त्यामुळे कल्याणचे दफन भलत्याच ठाण्याच्या पानावर चढलेले असू शकते. नोंदीत ‘दफन कोणी केले’ हा रकाना जरूर वाचा. पाद्री जवळपास नसेल तर एखादा गोरा अधिकारीच प्रार्थना म्हणून मोकळा होई.

ग्रेट इंडियन पेनिनशुला रेल्वे ही कंपनी होती, सरकारी खाते नव्हे. म्हणून तिचा माणूस सरकारी नोकरांच्या यादीत सापडत नाही. आणि तो कंत्राटदाराकडे असेल तर कंपनीच्या यादीतही नाही. हा फरक लक्षात न आल्याने लोक महिनोन्महिने चुकीच्या याद्या चाळत बसतात.

एवढे हाती आले की मग ठाण्यात सेंट जेम्स चर्चला न्या. 1825चे आहे, बिशप हेबर यांनी त्याचे अर्पण केले. फादरना वर्ष आणि नाव आधी लिखित कळवा. ‘आमचे कुणीतरी इथे होते’ म्हणून दारात उभे राहिलात तर रजिस्टर कोणीच काढणार नाही. थडग्यावरचा मजकूर पुसट असेल तर त्यावर खडू, पीठ किंवा तारेचा ब्रश घासू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो घ्या. सावली असेल तर मोबाइलची बॅटरी दगडाला समांतर, एका बाजूने धरा. खोदलेली अक्षरे उठून दिसतात.

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडचे मूळचे मराठी कॅथलिक. घरात सांगतात की आमचे मूळ पोर्तुगीज. चर्चच्या नोंदींतून ते सिद्ध होईल का? — ठाणे (पश्चिम)

आडनावावरून तर मुळीच होणार नाही. धर्मांतराच्या वेळी गॉडफादरचे किंवा पाद्रीचे आडनाव लावले जाई. गावातल्या डिसोझांचे एकमेकांशीही नाते नसते, लिस्बनशी कुठून असणार? ‘ईस्ट इंडियन’ हे नावही 1887चे, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी घेतलेले. त्याआधीच्या कागदांत ते शोधू नका.

मासुंदा तलावाकाठच्या सेंट जॉन द बॅप्टिस्टसारख्या जुन्या पॅरिशकडे (चर्चच्या हद्दीच्या कार्यालयाकडे) अर्ज करताना पाच वर्षांहून मोठा टप्पा मागू नका. नोंदी लॅटिन वा पोर्तुगीजमध्ये असतात: जॉनचा ‘जोआनेस’ किंवा ‘जुआंव’ होतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीतली गॉडपेरेंट्सची नावे उतरवून घ्याच. पुष्कळदा तेच सख्खे काका-मावशी निघतात. समासही वाचा. 1908नंतर लग्न झाले की त्याची टीप बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी लिहिण्याचा नियम आला, म्हणजे मुलगी कुठल्या पॅरिशमध्ये दिली हे त्या दोन ओळींत सापडते. 1737-39च्या मोहिमेत साष्टी (ठाणे ज्या बेटावर आहे ते) मराठ्यांकडे गेली, त्या धामधुमीच्या आधीचे रजिस्टर मिळेल या आशेवर राहू नका.

मॉरिशसच्या एका मराठी गृहस्थांच्या कागदावर पूर्वजाचा जिल्हा ‘टॅना’ आहे. आम्ही त्यांना ठाण्याच्या कोळीवाड्यात घेऊन गेलो, काहीच लागले नाही. — ऐरोली

‘टॅना’ म्हणजे तिथे शहर नव्हे, जिल्हा. आणि तेव्हाचा ठाणे जिल्हा केवढा! पनवेल, उरण 1883मध्ये कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात गेले, त्याआधी ठाण्यातच होते. वसई, डहाणू 2014पर्यंत. म्हणून जिल्ह्यानंतर तालुका आणि गाव असे खालचे रकाने मिळवा. भारतातून नेलेल्या मजुरांच्या मूळ नोंदवह्या मॉरिशसमध्ये मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. त्यांत वडिलांचे नाव, जात, वय, गाव, जहाज असते. नावाने विचारू नका, स्थलांतरिताचा क्रमांक सांगा; तो बहुधा जुन्या लग्नाच्या किंवा जन्माच्या दाखल्यावर मिळतो. गावाचे नाव कारकुनाने कानाला लागले तसे लिहिलेले असते. ते मोठ्याने वाचा आणि गॅझेटियरच्या 1882च्या ठाणे खंडात त्याच्याशी जुळणारे गाव शोधा.

आमचे गाव कोपरखैरणे. आजोबांच्या जन्माची नोंद महापालिकेत नाही. — वाचक, नवी मुंबई

असणारच नाही, महापालिका 1992ची. ठाणे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक मागा. अर्जात वर्षे लिहा, ‘सर्व नोंदी’ असे लिहू नका. नोंद मोडीत असेल तर वाचणाराही बरोबर न्या, कारण मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही आणि शब्द सलग पळतात. साल फसली (महसुलाचे जुने साल) असेल तर त्यात 590 मिळवा, शके असेल तर 78. त्या वहीत बाळाचे नाव बरेचदा नसतेच: ‘अमक्यास मुलगा झाला’, बस्स. तेव्हा आजोबांच्या नावाने नव्हे, पणजोबांच्या नावाने शोधा.