कोंबडा घ्या, पण धुळवडीपर्यंतच

भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. परसात आठ गावरान कोंबड्या, महिन्याला चाळीसेक अंडी, बाजारात पंधरा रुपयांनी जातात. कोंबडा नाही म्हणून अंडी कमी येतात, असं सासूबाईंचं म्हणणं. ओळखीतला एक जण असील कोंबडा अडीच हजारांत देतोय. बचत गटातून तेवढे पैसे उचलावेत का?

ताई, अडीच हजार उचलू नका. असीलची ती किंमत अंड्या-पिल्लांची नाही, झुंजीची आहे. आपल्याकडे झुंजीचे कोंबडबाजार कसे भरतात आणि पोलीस आले की माणसं धानाच्या बांध्यांतून कशी पळतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं झुंज लावणं गुन्हा आहे. त्या शौकाचा भाव तुम्ही कशाला मोजायचा? तुमच्या कामाला पाच-सहाशेचा साधा गावरान कोंबडा पुरतो. आठ-दहा कोंबड्यांमागे एकच. दोन आणले तर एकमेकांना फोडतील.

आता सासूबाईंचा मुद्दा. कोंबडा असो-नसो, कोंबडी अंडं घालतेच. कोंबड्यामुळे त्या अंड्यातून पिल्लू निघू शकतं, एवढंच. अंडी कमी दिसतात ती बहुधा खुडकीमुळे. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते. पिल्लं काढली तर २१ दिवस उबवण्यात आणि पुढचे दोनेक महिने पिल्लांमागे. म्हणजे तुम्हाला ठरवायचंय ते अंडी विकायची की पिल्लं वाढवायची.

पिल्लांचा हिशेब मी असा धरतो. बारा अंडी बसवली म्हणजे १८० रुपयांची विक्री सोडली. नऊ फुटली, घार-मुंगसातून पाच वाचली आणि सहा महिन्यांनी चारशेनं गेली, तर २,००० आले. कणी-कोंड्याचे पाचशे वजा जाता हाती तेराशेच्या आसपास. आणि दोनच वाचली तर? आठशे येतील, खाणं थोडं कमी लागेल, तरी तीनशे उरले तर खूप. सगळा खेळ जगण्याचा आहे. म्हणून कोंबड्याच्या आधी मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस: पहिल्या आठवड्यात लासोटा, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी. एका बाटलीत शंभराच्या वर डोस असतात, तेव्हा गल्लीतल्या चार घरांनी मिळून पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. नवा कोंबडा आणलात तर दोन-तीन आठवडे वेगळा डांबा. रोग पुष्कळदा असाच घरात येतो.

एक नुकसान कुणी हिशेबात धरत नाही. कोंबडा फिरलेलं अंडं आपल्या मे महिन्यात नुसतं टोपलीत ठेवलं तरी उष्म्यानं आत जीव धरू लागतं. गिऱ्हाईक फोडतं, आत लाल शिरा दिसतात, आणि पुढच्या आठवड्यात ते दुसरीकडून घेतं. बिनकोंबड्याचं अंडं उन्हाळ्यात जास्त टिकतं. म्हणून माझं मत: कोंबडा बाराही महिने ठेवू नका. श्रावणात खाणारे कमी असतात, भाव नरमतो, तेव्हा घ्या. हिवाळ्यात पिल्लं काढा आणि धुळवडीला कोंबडा विका. तोवर तो वजनानं भरलेला असतो आणि मागणीही असते. तो गेल्यावर दोन-तीन आठवडे अंडी फळलेलीच निघतात, ती घरी खा. पुढच्या वर्षी याच घरचा पिल्लू-कोंबडा ठेवायचा मोह होईल. तो अदलाबदलीत द्या, त्याच्याच आया-बहिणींत सोडू नका.

आणि कोंबड्याचे हे पाच-सहाशे तरी लागतात का, तेही बघा. तुमच्या कोंबड्या संध्याकाळी मोकळ्या सुटतात, असं लिहिलंय. खुडूक कोंबडीखाली दहा अंडी ठेवा, सातव्या रात्री अंधारात एकेक अंडं मोबाइलच्या टॉर्चवर धरा. कोळ्यासारख्या शिरा पसरलेल्या दिसल्या, तर तुमच्याकडे कोंबडा आहेच. फक्त दाणा शेजारच्या घरी खातो. नाहीच दिसल्या, तर ज्यांच्याकडे कोंबडा आहे त्यांची डझनभर अंडी घेऊन एक खेप काढून बघा. गटाकडून उचल घ्यायचीच असेल, तर खुराड्याच्या जाळीसाठी घ्या. मुंगूस घुसेल एवढी फट तुमच्या दाराखाली आहे, हे तुम्हीच पत्रात लिहिलंय.