वाचक विचारतात : मॉलमधली इटालियन कॉफी

प्रश्न : मॉलमधल्या इटालियन पद्धतीच्या कॉफी शॉपमध्ये एस्प्रेसो मागवली. भातुकलीतल्यासारखा कप आला, त्यात दोन घोट, तेही कडू. पैसे मात्र पूर्ण. ही फसवणूक समजायची का? (एक वाचक, नाशिक)

मापात फसवणूक नाही. एस्प्रेसो तेवढीच असते. साधारण ७ ग्रॅम बारीक पुडीतून ९० ते ९६ अंश सेल्सिअसचं पाणी ९ बार दाबाने ढकललं जातं आणि २५ ते ३० सेकंदांत कपात २५ ते ३० मिलिलिटर कॉफी उतरते. (आता बहुतेक ठिकाणी १४ ते १८ ग्रॅमची मोठी जाळीच वापरतात, तिच्यातून दोन कप निघतात किंवा एक ‘डबल’.)

चवीबद्दल मात्र तक्रार करायला जागा आहे. कडवटपणा थोडा असणारच, पण जळक्या राखेसारखी चव आली तर दळण फार बारीक झालंय आणि पाणी पुडीत रेंगाळलंय. उलट कॉफी आंबट, पाणचट लागली तर दळण जाडं आहे. अशी कॉफी पंधरा सेकंदांतच भसकन उतरते. काउंटरजवळ उभं राहून मनात सेकंद मोजले तरी अंदाज येतो. वरचा बदामी तवंग, म्हणजे क्रेमा, पांढुरका असेल आणि लगेच विरला तर बहुधा बिया शिळ्या आहेत. जाड क्रेमा दिसला म्हणून कॉफी उत्तम, असंही नाही. रोबस्टा या कॉफीच्या जातीच्या बियांचा क्रेमा मुळातच जाड येतो, आणि इटालियन मिश्रणांत रोबस्टा बऱ्याचदा असते. इटली हा भारतीय कॉफीचा मोठा ग्राहक आहे, त्यामुळे ‘इटालियन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटात कर्नाटकातली रोबस्टा निघाली तर नवल नाही.

कप आला की ढवळा आणि दोन-तीन मिनिटांत संपवा. साखर घालायला संकोच नको, इटलीतही घालतात. दोन घोटांत समाधान होत नसेल तर अमेरिकानो मागवा : हीच एस्प्रेसो, वर १०० ते १५० मिलिलिटर गरम पाणी.

प्रश्न : कॅपुचिनो दर वेळी कोमटच मिळते. आम्हाला वाफाळती लागते. (एक वाचक, ठाणे)

चहाच्या सवयीने कॅपुचिनो कोमटच वाटणार. तिचं दूध ६० ते ६५ अंशांपर्यंतच तापवतात. ७०च्या पुढे गेलं की फेस मोडायला लागतो, उकळलेल्या दुधाचा वास येतो आणि दुधाची अंगची गोडी जाणवेनाशी होते. ‘जास्त गरम’ सांगितलंत तर देतील, पण फेस पातळ मिळेल.

तरीही खरोखरच कोमट येत असेल तर दोष बहुधा कपाचा असतो. कप यंत्राच्या माथ्यावर तापत ठेवायचे असतात. गार कपात दूध ओतलं की तिथेच काही अंश जातात. दुसरं कारण, तयार कप काउंटरवर ताटकळतो. ऑर्डर देतानाच ‘कप गरम करून घ्या’ म्हणा आणि नाव पुकारताच उचला.

फेस बघून बरंच कळतं. दूध फ्रिजमधलं, ४ अंशांच्या आसपास गार हवं आणि दूध तापवायचा जग जेमतेम अर्धा भरलेला. सुरुवातीचे काही सेकंद वाफेच्या नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागालगत ठेवून हवा घ्यायची, मग टोक खाली नेऊन दूध भोवऱ्यासारखं फिरवायचं. नीट जमलेला फेस ओल्या रंगासारखा चकाकतो. साबणासारखे मोठे बुडबुडे दिसले तर हवा जास्त किंवा उशिरा घेतली गेली, नाहीतर आधी तापवलेलंच दूध पुन्हा तापवलंय. टोन्ड दुधाचा फेस सहज चढतो, फुल क्रीमचा कप चवीला भरदार.

आणि सर्वांत आधी ती नळी बघा. प्रत्येक जगानंतर ती ओल्या फडक्याने पुसून वाफेचा एक फवारा सोडायलाच हवा. तिच्यावर वाळलेल्या दुधाची पिवळट खपली असेल, तर त्या दुकानात दुधाची कॉफी घेऊच नये.

प्रश्न : लाटे, मॅकियाटो, फ्लॅट व्हाइट यांत फरक काय? (एक वाचक, कोल्हापूर)

दुधाच्या प्रमाणाचा. मॅकियाटोत एस्प्रेसोवर चमचा-दोन चमचे फेसाळ दूध. कॅपुचिनो १५० ते १८० मिलिलिटरची, फेस जाड. लाटे त्याहून मोठी, फेस पातळ. फ्लॅट व्हाइट इटलीची नव्हेच, ती ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची. मॉलमधली ‘कॅरॅमल मॅकियाटो’ हे सिरप घातलेलं गोड दूध समजा, तिचा इटालियन मॅकियाटोशी फारसा संबंध नाही. मोठा कप घेण्याआधी ‘यात शॉट (म्हणजे एस्प्रेसोची मापं) किती?’ एवढं विचारा. काही ठिकाणी मोठ्या कपात फक्त दूध वाढतं, कॉफी तेवढीच राहते.

प्रश्न : आम्ही मिलान-रोमला जाणार आहोत. तिथे कॉफी शॉपमध्ये काय वेगळं? (एक वाचक, पुणे)

बऱ्याच बारमध्ये (तिथे कॉफी शॉपलाच बार म्हणतात), विशेषतः गर्दीच्या ठिकाणी, आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती काउंटरवर दाखवायची असते. उभ्याने प्यालात तर स्वस्त, टेबलावर बसलात तर महाग. दरपत्रकात दोन्ही भाव दिसतात. पर्यटकांच्या चौकात बसण्याचे भाव अंगावर येतात. जेवणानंतर कॅपुचिनो मागवलीत तर देतील, फक्त स्थानिक माणूस ती सकाळीच घेतो.

प्रश्न : बिलात सर्व्हिस चार्ज लावला. द्यावाच लागतो का? (एक वाचक, नागपूर)

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलांनी तो आपोआप बिलात घालू नये, असं त्यांत स्पष्ट आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या कायम ठेवल्या. जीएसटी वेगळा, तो भरावाच लागतो. आधी व्यवस्थापकाला रक्कम काढायला सांगा. ऐकलं नाही तर बिलाचा फोटो ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा.