मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि सदोष उपकरणे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत छेदाजवळ भाजल्याचे डॉक्टरांनी सांगितले. यंत्राने डोळा भाजू शकतो का?

उत्तर : होय. फेको यंत्राची (कंपनांनी मोतीबिंदू फोडून शोषून घेणाऱ्या यंत्राची) पोकळ सुई सेकंदाला सुमारे 40 हजार वेळा कंप पावते, त्यामुळे ती तापते. भोवतीच्या सिलिकॉनच्या आवरणातून वाहणारा द्रव तिला थंड ठेवतो. नळी मुडपली, द्रवाची बाटली संपली किंवा सुईचे तोंड शस्त्रक्रियेत डोळ्यात भरलेल्या घट्ट जेलने बुजले, की काही सेकंदांतच छेदाच्या कडा पांढुरक्या होऊन आकसतात. मग छेद नीट मिटत नाही, टाके घालावे लागतात आणि चष्म्याचा तिरका नंबर वाढतो. मात्र मोतीबिंदू फार कडक असल्यास यंत्र धडधाकट असूनही असे घडू शकते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी द्रवाचा प्रवाह तपासला होता का आणि त्याची नोंद आहे का, हे आधी विचारा.

प्रश्न : भिंगामागचे आवरण फाटले. उपकरणच खराब असेल ना?

उत्तर : तसे गृहीत धरू नका. हे आवरण मध्यभागी जेमतेम 4 मायक्रॉन जाड असते आणि निष्णात हातांकडूनही फाटते. परंतु वारंवार वापरलेल्या सुईच्या टोकाला बारीकशी खरवड राहिली, तर तेवढीही त्याला पुरते. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. फाटीतून मागचा जेलीसारखा पदार्थ पुढे आला असल्यास दृष्टिपटल पुढेही तपासून घेत राहा.

प्रश्न : एकाच दिवशी शस्त्रक्रिया झालेल्या आम्हा चौघांचे डोळे दुसऱ्याच दिवशी धूसर झाले. हा जंतुसंसर्ग आहे का?

उत्तर : पहिल्या 12 ते 48 तासांत, फारशा वेदनांशिवाय आलेली धूसरता बहुधा विषारी दाहाची असते. उपकरणांच्या बारीक नळ्यांत राहिलेला धुण्याच्या द्रावणाचा अंश हे त्याचे नेहमीचे कारण, आणि चौघांना एकदम त्रास झाल्यामुळे संशय अधिकच बळावतो. जंतुसंसर्ग बहुधा दोन ते सात दिवसांत, ठणक्यासह येतो. तरीही हा फरक घरी बसून ठरवू नका, आजच डोळे दाखवा.

प्रश्न : तक्रार कशी करावी?

उत्तर : लेखी अर्ज करून कागदपत्रे मागा, 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार ती 72 तासांत मिळायला हवीत. त्यांत शस्त्रक्रियेची टिपणी, निर्जंतुकीकरणाची नोंद आणि डोळ्यात बसवलेल्या भिंगाचे स्टिकर असल्याची खात्री करा. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे लागते, आणि 2019 च्या कायद्यानुसार सदोष वस्तूबद्दल उत्पादकालाही जबाबदार धरता येते. सर्वांनाच पूर्णपणे मोफत मिळणारी सेवा मात्र या कायद्याखाली येत नाही.