आरआरएसपी दुसऱ्या बँकेत नेली, रिटर्नमध्ये काय लिहू?

प्रश्न: ताई, आम्ही ब्रॅम्प्टनला राहतो. मागच्या वर्षी मी नोकरी बदलली, तेव्हा जुन्या कंपनीतली ग्रुप आरआरएसपी (कॅनडातलं निवृत्तीसाठीचं बचत खातं), ३१,००० डॉलर, नव्या बँकेने फॉर्मवर सही घेऊन परस्पर मागवून घेतली. ह्यांनी मात्र जुन्या बँकेतून स्वतः १८,००० काढले, हातात १२,६०० आले आणि तेवढे त्याच आठवड्यात दुसऱ्या बँकेच्या आरआरएसपीत भरले. आता ह्यांना टी४आरएसपी स्लिप (आरआरएसपीतून पैसे काढल्याची नोंद) आलीय, मला काहीच नाही. माझी स्लिप हरवली का? आणि एक पैसाही खर्च केला नाही तर ह्यांचं इन्कम कसं झालं?

उत्तर: तुमची स्लिप हरवलेली नाही, ती निघतच नाही. तुम्ही सही केलीत तो बहुतेक टी२०३३ हा ट्रान्सफरचा फॉर्म असणार, त्यात पैसे एका प्लॅनमधून दुसऱ्या प्लॅनमध्ये थेट जातात, तुमच्या हातात येतच नाहीत, म्हणून इन्कम नाही, डिडक्शन नाही, रिटर्नमध्ये त्याची एक ओळही नाही. फक्त फॉर्मची कॉपी जपून ठेवा. आणि एक सांगते, शेड्यूल ७ वर (रिटर्नमधला आरआरएसपीचा तक्ता) लाइन २४६४० समोर ‘ट्रान्सफर’ असं दिसलं की लोक तिथेच आकडा टाकून मोकळे होतात, तसं करू नका. ती लाइन आधी इन्कममध्ये धरलेल्या ठरावीक रकमांसाठी आहे, जसं की नवरा किंवा बायको गेल्यावर त्यांच्या आरआरएसपीतून मिळालेली आणि आपल्या आरआरएसपीत भरलेली रक्कम.

आता ह्यांचं. मला खरंच वाईट वाटतं, कारण हेतू अगदी तुमच्यासारखाच होता, पण सीआरएच्या (कॅनडाच्या टॅक्स खात्याच्या) नजरेत पैसे काढले म्हणजे काढले, मग ते पुढे कुठेही भरलेले असोत. १५,००० च्या वर काढलं की क्वेबेक सोडून बाकी कॅनडात बँक ३० टक्के टॅक्स आधीच कापून घेते, म्हणजे ह्यांचे ५,४०० तिथेच गेले. स्लिपवर बॉक्स २२ मध्ये १८,००० असतील, ते लाइन १२९०० वर, आणि बॉक्स ३० मधले ५,४०० लाइन ४३७०० वर, हे दुसरं विसरू नका, ते तुमचेच भरलेले पैसे आहेत.

नव्या बँकेत भरलेले १२,६०० ट्रान्सफर धरले जात नाहीत, ते नवीन काँट्रिब्युशन. त्याची पावती आली असेल, ती शेड्यूल ७ मध्ये घ्यायची आणि रूम (आरआरएसपीत भरायची शिल्लक मर्यादा) असेल तर लाइन २०८०० वर वजावट. रूम किती ते मागच्या नोटिस ऑफ असेसमेंटवर (रिटर्न तपासून सीआरए पाठवते त्या पत्रावर) असतं, आजच काढून बघा. तेवढी रूम असली तर निव्वळ ५,४०० वरच टॅक्स पडेल आणि कापलेल्यातले बरेचसे परत मिळू शकतात, पण मूळ १८,००० ची रूम काही परत येत नाही, आणि वर नव्याने भरायला १२,६०० ची रूम खर्ची पडली ती वेगळीच.

रूम नसेल तर मात्र थांबू नका. जादा भरणा २,००० च्या वर गेला की वरच्या रकमेवर महिन्याला १ टक्का दंड लागतो, आणि त्यासाठी टी१-ओव्हीपी हा वेगळा रिटर्न वर्ष संपल्यापासून ९० दिवसांत भरायचा असतो. जादा रक्कम बाहेर कशी काढायची ते याच आठवड्यात टॅक्सवाल्याला विचारा, त्याला स्लिप, पावती आणि असेसमेंट तिन्ही एकत्र दाखवा.