सेशन टाइप्स शिकतोयस ना, मग आधी प्रोटोकॉल, म्हणजे कोण कधी काय बोलणार तो क्रम, कागदावर काढ

नुसता टाइप्ड चॅनल (दोन प्रोग्रॅममधली निरोपांची वाट, जिच्यातून कुठल्या प्रकारचा डेटा जाणार ते ठरलेलं असतं) घेतला म्हणजे काम झालं असं समजू नकोस, तो फक्त एवढंच सांगतो की यातून आकडा जाणार, पण कधी जाणार, आधी कोण बोलणार नि नंतर कोण ऐकणार हे त्यात कुठेच नसतं आणि खरे घोळ तिथेच होतात. सेशन टाइपमध्ये तो क्रमच टाइप बनतो. म्हणजे क्लायंट दोन आकडे पाठवणार, एक उत्तर घेणार, संपलं. सर्व्हरचा टाइप याच्या बरोब्बर उलटा, पाठवण्याच्या जागी घेणं. संगणकशास्त्रज्ञ कोहेई होंडांनी १९९३ मध्ये मांडलेली ही कल्पना, दोनपेक्षा जास्त जणांसाठीचं रूप २००८ मध्ये आलं, पण त्याच्या मागे आत्ताच लागू नकोस.

लिनिअर टाइप्स (ज्यात एखादी गोष्ट बरोब्बर एकदाच वापरायची असते) मात्र नीट समजून घे. चॅनलचं एक टोक एकाच्याच हातात, आणि प्रत्येक पायरीला जुनं टोक देऊन नवीन टोक घ्यायचं, नाहीतर दोन थ्रेड (प्रोग्रॅममधली एकाच वेळी चालणारी कामं) एकाच टोकावर तुटून पडतात आणि क्रमाची वाट लागते. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत जुनं टोक परत वापरलं तर कंपाइलर अडवतो, पण अर्धवट टाकून दिलंस तर एरर येत नाही (मी यात दोन दिवस घालवलेत, समोरचा बिचारा वाट बघत बसलेला).

आणि डेडलॉक! एका सेशनपुरतं ठीक, दोन सेशन एकमेकांत गुंतवलीस की दोघंही एकमेकांची वाट बघत बसू शकतात, साधे सेशन टाइप्स तिथे वाचवत नाहीत.