जिनिव्हात उन्हाळी कोर्स करायचाय? आधी तारखा बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात आंतरराष्ट्रीय संबंध विषयात एम.ए. चालू आहे, पुढच्या उन्हाळ्यात जिनिव्हाला तीन-चार आठवड्यांचा कोर्स करायचाय, घरून मिळणारे पैसे मोजके आहेत. मग कोणता कोर्स घ्यावा, व्हिसाचं कसं करावं आणि खर्च किती धरावा? माझं पहिलं सांगणं एकच. माहितीपत्रक उघडायच्या आधी संयुक्त राष्ट्रांच्या बैठकांचं वेळापत्रक उघड.

जिनिव्हात शिकण्यासारखं जे आहे त्यातलं निम्मं वर्गाबाहेर असतं, आणि ते बारा महिने चालू नसतं. जागतिक आरोग्य सभा मे महिन्यात भरते, आंतरराष्ट्रीय कामगार परिषद जूनमध्ये. मानवाधिकार परिषदेचं उन्हाळी सत्र साधारण जूनच्या मध्याला सुरू होऊन जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात संपतं. २०२५ साली ते १६ जून ते ९ जुलै असं होतं. त्यानंतर शहर हळूहळू रिकामं होतं. ऑगस्टमध्ये मुत्सद्दी सुट्टीवर, संस्थांमधले निम्मे अधिकारी बाहेर. निःशस्त्रीकरण परिषदेसारखं थोडं काही चालू असतं, पण ती सहसा विद्यार्थ्यांच्या हाताला लागत नाही. सरोवर सुंदर दिसतं, पण तेवढ्यासाठी एवढे पैसे घालू नकोस. जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतचा कोर्स मिळाला तर तो घे, भले दुसरा थोडा स्वस्त असो.

आता कोर्स. जिनिव्हा विद्यापीठाच्या समर स्कूल आहेत. ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट ही आंतरराष्ट्रीय संबंध शिकवणारी संस्था (स्थापना १९२७) उन्हाळी अभ्यासक्रम चालवते. तिचं संकुल ‘मेझों द ला पे’ संयुक्त राष्ट्रांच्या अगदी जवळ आहे. तिसरा पर्याय तुझ्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचा: संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हा कार्यालयाचा ग्रॅज्युएट स्टडी प्रोग्रॅम. जुलैत दोन आठवडे असतो आणि त्याला फी नाही. प्रवास, राहणं, खाणं मात्र स्वतःचं. जागा मोजक्या, अर्ज जगभरातून, म्हणून डिसेंबरपासूनच त्यांच्या संकेतस्थळावर लक्ष ठेव. निवड झालीच तर सशुल्क कोर्सचा विचारही सोडून दे. कायद्याचे विद्यार्थी असतील त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाचा सेमिनार १९६५ पासून चालत आलाय. पण तो आयोगाच्या सत्राला जोडलेला आहे, आणि २०२५ मध्ये पैशांच्या टंचाईमुळे ते सत्रच पाच आठवड्यांवर आलं. म्हणून अशा कशाच्याही भरवशावर आधी तिकीट काढू नये.

सशुल्क कोर्सवाल्यांना ईमेल करून एक गोष्ट नेमकी विचार: “मानवाधिकार परिषदेच्या सभागृहात बसायला मिळणार, की नुसती गाईडेड टूर?” दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. टूरमध्ये परिषदेच्या विसाव्या क्रमांकाच्या सभागृहाचं, चित्रकार मिकेल बार्सेलोनं रंगवलेलं छत बघून बाहेर यायचं. सत्रात बसलीस तर कानाला दुभाष्याचा इअरफोन लावून बघता येतं की वक्त्यांची यादी कशी सरकते, ठरलेली वेळ संपली की माइक कसा तोडला जातो, आणि एखादा देश आपल्यावरच्या टीकेला उत्तर देण्याचा हक्क नेमका कधी वापरतो. आत शिरायला मान्यताप्राप्त संस्थेमार्फत नोंदणी लागते. कोर्सकडे तशी व्यवस्था नसेल तर नुसती फी भरून ते दार उघडत नाही.

नोंदणीवरून आठवलं, नावाचा घोळ आत्ताच मिटव. आपल्याकडच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर मांडणी वेगळी असते. प्रवेशपत्र, विमा, तिकीट, संयुक्त राष्ट्रांत शिरायचा बॅज, सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव, त्याच स्पेलिंगनं. बॅज घेताना तिथल्या प्रेनी गेटवर पासपोर्ट तपासतात, आणि नोंदणीतलं नाव जुळलं नाही तर सकाळचं सत्र रांगेतच जातं.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णयाला सामान्यतः १५ दिवस, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. खरी अडचण अपॉइंटमेंटची. एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्रातली निम्मी कुटुंबं युरोप टूरला निघालेली असतात, त्यामुळे तारीख मिळत नाही. मार्चमध्ये अर्ज जाईल असं बघ. म्हणजे प्रवेशपत्र फेब्रुवारीत हातात हवं, आणि जो कोर्स एप्रिलमध्ये निकाल कळवतो तो तुझ्यासाठी धोक्याचा. व्हिसा नाकारला तर फी परत मिळते का, हेही भरण्याआधी लेखी घे.

व्हिसा शुल्क ९० युरो (जून २०२४ पासून). विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा. पैशांबाबत स्विस मोजमाप साधारण दिवसाला १०० फ्रँक. वैध विद्यार्थी ओळखपत्र असेल तर ३० फ्रँक. ही तीस फ्रँकची रक्कम फक्त कागदासाठी समज. राहण्याचा खर्च धरला तर तिच्यावर जगता येत नाही.

वडिलांच्या खात्याचं विवरण जोडताना एक चूक बरेचजण करतात: अर्जाच्या आठवडाभर आधी नातेवाइकांकडून दोन-तीन लाख खात्यात टाकून घेतात. अचानक आलेली रक्कम लगेच नजरेत भरते. शिल्लक कमी असली तरी नियमित दिसू दे. घरी शेती असेल आणि आयटी रिटर्न नसेल तर सातबारा आणि उत्पन्नाचा दाखला इंग्रजी भाषांतरासह जोड, आणि सोबत दोन ओळींचं पत्र दे की खर्च कोण, कशातून करणार. कॉलेजचं बोनाफाईड आणि ना-हरकत पत्र घे. त्यात परत येऊन कोणत्या महिन्यात कोणतं सत्र सुरू होणार ते लिहून घे. परत येण्याचं कारण दाखवणारा तुझ्याकडचा सगळ्यांत भक्कम कागद तोच.

राहायचं कुठे? जिनिव्हातली भाडी बघून फ्रान्सच्या बाजूला, आनमास किंवा फर्ने-व्होल्तेरला खोली घ्यावी असं सगळ्यांनाच सुचतं. लेमान एक्स्प्रेस या लोकल गाडीनं आनमास जिनिव्हाच्या मुख्य कॉर्नाव्हँ स्टेशनपासून वीस-पंचवीस मिनिटांवर आहे, त्यामुळे कल्पना वाईट नाही. पण रात्री फ्रान्समध्ये आणि अभ्यास स्वित्झर्लंडमध्ये असं कागदावर दिसलं की अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हाच प्रश्न उभा राहतो. पहिल्या वेळी हे टाळ. विद्यार्थी वसतिगृहं उन्हाळ्यात काही प्रमाणात रिकामी होतात. शांपेलमधल्या सिते युनिव्हर्सितेरला जानेवारीतच ईमेल कर. सीमेपलीकडे फक्त किराणा आणायला जा, पासपोर्ट जवळ ठेवून.

खर्च: एक फ्रँक शंभर रुपयांच्या वरच धर. बाहेर दुपारची थाळी २०–२५ फ्रँक, म्हणजे रोज बाहेर जेवणं अशक्य. स्वयंपाकघर असलेली खोली घे. मिग्रो किंवा कोपमधून भाजी, तांदूळ, डाळ आणून दिवसाला १५–२० फ्रँकमध्ये भागतं. रविवारी दुकानं बंद असतात, स्टेशनवरची आणि विमानतळावरची सोडून. नळाचं पाणी उत्तम, बाटली विकत घेऊ नकोस. संयुक्त राष्ट्रांसमोरच्या नासिओं थांब्याला पंधरा नंबरची ट्राम जाते. आपला जाड पिनांचा प्लग तिथे बसत नाही, ॲडॉप्टर आणायला विसरू नकोस. मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे. तिथून जिनिव्हा रेल्वेनं साधारण तीन तास.

शिष्यवृत्तीबद्दल विचारलं होतंस. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पूर्ण पदवी अभ्यासक्रमांसाठी आहे, तीन आठवड्यांच्या कोर्सला चालणार नाही. त्यापेक्षा कोर्सकडेच फीमधली सवलत माग, आणि अर्जासोबतच माग. जागा भरल्यावर मागून उपयोग नसतो. क्रेडिटसाठी निघण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी घे की इतके ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट) आपल्या इतक्या क्रेडिटला धरले जातील. एक ईसीटीएस म्हणजे २५ ते ३० तासांचा अभ्यास, हा हिशोब त्यांच्यासमोर ठेव. आणि तुझी सत्रपरीक्षा जूनपर्यंत लांबू शकते, तेव्हा वेळापत्रक लागेपर्यंत बदलता येणारं तिकीटच घे.

प्रबंधाचा विषय ठरला असेल तर एक जादा दिवस संयुक्त राष्ट्रांच्या ग्रंथालयासाठी ठेव. संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना, म्हणजे राष्ट्रसंघ, तिचे कागद इथेच आहेत, आणि ब्रिटिश अमलाखाली असतानाही भारत राष्ट्रसंघाचा मूळ सदस्य होता, त्यामुळे आपल्या देशाबद्दलच्या फाइली भरपूर सापडतात. बराचसा संग्रह ऑनलाइन आला आहे. कोणती पेटी हवी ते पुण्यातूनच शोधून ठेव आणि वाचनकक्षाची वेळ आधी मागून घे.